ऑर्वेल घेताय? आधी शेवटचं प्रकरण उघडून बघा

दुकानात जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाचं 'नाइन्टीन एटी-फोर' हातात आलं की मुखपृष्ठावरचा डोळा नंतर बघा. आधी तिसऱ्या भागाचं सहावं, म्हणजे शेवटचं प्रकरण काढा. कादंबरीचा नायक विन्स्टन चेस्टनट ट्री कॅफेत एकटा बसलाय, समोर जिनचा पेला आणि बुद्धिबळाचा पट. टेबलावरच्या धुळीत तो नकळत बोटाने काहीतरी लिहितो. तिथे '२ + २ = ५' छापलेलं असेल तर पुढची पानं चाळा. '२ + २ =' एवढंच असेल आणि पुढे कोरी जागा असेल, तर पुस्तक जिथून उचललंत तिथे ठेवा.

ही चूक आजकालच्या स्वस्त छपाईने केलेली नाही. १९४९ च्या पहिल्या आवृत्तीत पाचाचा आकडा होता. मूळ प्रकाशक सेकर अँड वॉरबर्गच्या १९५१ च्या छपाईत तो गळला, पेंग्विनने १९५४ साली तोच मजकूर उचलला आणि १९८७ पर्यंत लाखो वाचकांनी ते पान पाचाशिवाय वाचलं. एक आकडा गेला तर काय बिघडलं? सगळं बिघडलं. हुकूमशाही पक्षाचा अधिकारी ओब्रायन याने यंत्रावर पिळून काढून ज्याच्या तोंडून 'पाच' वदवलं, तो माणूस आता कुणी बघत नसताना आपणहून 'पाच' लिहितो, हा या कादंबरीचा शेवट आहे. आकडा गाळला की उत्तर लिहायला कचरणारा, आत कुठेतरी शाबूत राहिलेला विन्स्टन दिसायला लागतो. काहींनी तसा अर्थ लावलाही.

ऑर्वेलची पुस्तकं विकत घेणं म्हणून जरा किचकट काम आहे. एकच पुस्तक वेगवेगळ्या मजकुराने बाजारात फिरतं, आणि मुखपृष्ठावरून ते कळत नाही.

भारतात हा गोंधळ २०११ पासून जास्त वाढला. ऑर्वेल २१ जानेवारी १९५० रोजी लंडनच्या इस्पितळात क्षयाने गेला. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून, ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. तो २०१० च्या डिसेंबरअखेर संपला. १ जानेवारी २०११ पासून कुणीही ऑर्वेल छापावा. ब्रिटनमध्ये ७० वर्षांचा नियम असल्यामुळे तिथे ही वेळ १ जानेवारी २०२१ ला आली. त्यामुळे आज आपल्याकडे शे-दीडशे रुपयांत 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म'च्या रांगा लागलेल्या दिसतात. त्या कायदेशीर आहेत. पदपथावरच्या नकली पेंग्विनची गोष्ट निराळी, तिच्याकडे येऊच.

आता आमचं मत सरळ सांगतो. एकेक पुस्तक घ्यायचं तर पेंग्विन मॉडर्न क्लासिक्स घ्या, पण त्यातही पीटर डेव्हिसन यांनी संपादलेला मजकूर असलेली प्रत. ओळखायची खूण सोपी आहे: आत 'अ नोट ऑन द टेक्स्ट' असं छोटं टिपण असतं आणि खाली सही असते, पीटर डेव्हिसन, ऑल्बनी, लंडन. डेव्हिसन यांनी ऑर्वेलच्या नऊही पुस्तकांची हस्तलिखितं, टंकलिखितं, प्रुफं आणि जुन्या आवृत्त्या, जे जे उपलब्ध होतं ते शेजारीशेजारी ठेवून मजकूर ठरवला. ही नऊ पुस्तकं १९८६-८७ मध्ये आली. पेंग्विनच्याच नावाने प्रस्तावना नसलेल्या, शाळकरी किंवा भेटवस्तू छापाच्या प्रतीही मिळतात. त्या वाईट नाहीत, पण टिपणाशिवाय घ्यायची असेल तर खाली दिलेल्या खुणा तपासूनच घ्या.

स्वस्त प्रतींत काय बिघडतं? बहुतेकांचा मजकूर इंटरनेटवरच्या साध्या फाइलीतून उचललेला असतो. तिरपा ठसा आधी जातो. ऑर्वेल जोर द्यायला तिरपा ठसा वापरतो, तो गेला की संवाद सपाट होतात. मग तळटिपा जातात. 'नाइन्टीन एटी-फोर'च्या पहिल्याच प्रकरणात 'न्यूस्पीक' या शब्दाला फुली आहे आणि खाली एक टीप: ही ओशियानियाची अधिकृत भाषा होती, रचना आणि व्युत्पत्तीसाठी परिशिष्ट पाहा. 'होती', हा भूतकाळ मुद्दाम आहे. परिशिष्टही अख्खं भूतकाळात लिहिलंय. म्हणजे ते लिहिणारा कुणीतरी ओशियानियाच्या हुकूमशाही राजवटीनंतरचा आहे, असा त्यातून एक बारीक सूर निघतो. पुस्तकात आशेला जागा असलीच तर ती एवढीच. ज्या प्रतीत टीप नाही आणि परिशिष्टही नाही, ती कादंबरी अर्धवट आहे.

आणि हे परिशिष्ट ऑर्वेलने किती किंमत मोजून राखलं ते बघा. अमेरिकेतल्या 'बुक ऑफ द मंथ क्लब'ला परिशिष्ट आणि कादंबरीतला राजवटीचा शत्रू गोल्डस्टाइन याच्या पुस्तकाचा भाग काढून टाकायचा होता. मार्च १९४९ मध्ये ऑर्वेलने नकार दिला. नकारामुळे सुमारे ४०,००० पौंडांवर पाणी सोडावं लागेल असा त्या वेळचा अंदाज होता. माणूस तेव्हा क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात पडून होता. शेवटी क्लबने पुस्तक आहे तसं घेतलं. ज्याने हे राखलं त्याच्याच पुस्तकातून पन्नास-साठ रुपये वाचवायला कुणी परिशिष्ट गाळावं, याला काय म्हणायचं?

तपासायला आणखी एक: पहिल्या भागात ८, दुसऱ्यात १० आणि तिसऱ्यात ६ प्रकरणं असली पाहिजेत. दुसऱ्या भागाचं नववं प्रकरण खूप लांब आहे, गोल्डस्टाइनचं पुस्तक त्यातच येतं. 'संक्षिप्त' शब्द न छापता संक्षेप केलेल्या प्रतींत कात्री बहुधा तिथेच लागते. पेंग्विनच्या काही प्रतींना टॉमस पिंचनची २००३ ची प्रस्तावना आहे. चांगली आहे, पण शेवट फोडते. कादंबरी संपल्यावर वाचा.

'ॲनिमल फार्म'मध्ये मजकुराचा घोळ कमी आहे, कारण पुस्तक लहान आणि लेखकाने नीट तपासून दिलेलं. १० प्रकरणं. नावाखाली 'अ फेअरी स्टोरी' हे उपशीर्षक हवं. १९४६ च्या अमेरिकी आवृत्तीने ते काढलं आणि पुढे जगभर ते गळत गेलं. ऑर्वेल हयात असताना झालेल्या अनुवादांपैकी ते राखलं एकट्या तेलुगूने. प्रतीची खरी किंमत मात्र मागच्या दोन परिशिष्टांत आहे. पहिलं 'द फ्रीडम ऑफ द प्रेस' ही प्रस्तावना. पुस्तक गोलान्झ, केप आणि फेबर या प्रकाशकांनी एकापाठोपाठ नाकारलं होतं. फेबरचं नकाराचं पत्र टी. एस. एलियटचं. रशिया तेव्हा ब्रिटनचा दोस्त होता, आणि सरकारने बंदी न घालताही लंडनचे प्रकाशक आपणहून गप्प कसे बसतात, यावर ऑर्वेलने ही प्रस्तावना लिहिली. १७ ऑगस्ट १९४५ ला पुस्तक आलं ते तिच्याशिवाय. टंकलिखित १९७१ मध्ये सापडलं, छापलं गेलं १९७२ मध्ये. दुसरं परिशिष्ट म्हणजे १९४७ च्या युक्रेनियन आवृत्तीची प्रस्तावना. तिचं मूळ इंग्रजी हरवलंय, आपण वाचतो तो युक्रेनियनवरून परत इंग्रजीत आणलेला मजकूर. ती आवृत्ती जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांसाठी होती. अमेरिकी अधिकाऱ्यांनी तिच्या सुमारे १,५०० प्रती जप्त करून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या, असं ऑर्वेलच्याच पत्रात आहे. ही दोन परिशिष्टं नसलेली 'ॲनिमल फार्म' म्हणजे नुसती बोधकथा. पोराला द्यायची असेल तर तेवढी पुरे.

मराठी अनुवाद घेणार असाल तर आठवं प्रकरण काढा. पवनचक्की स्फोटाने उडते तेव्हा सगळे प्राणी जमिनीवर लोळण घेतात, 'नेपोलियन सोडून'. नेपोलियन म्हणजे डुकरांचा पुढारी, स्टॅलिनवर बेतलेला. हे दोन शब्द ऑर्वेलने मार्च १९४५ मध्ये पॅरिसहून पत्र पाठवून बदलून घेतले. आधी 'नेपोलियनसकट' होतं. जर्मन फौजा येत असताना स्टॅलिन मॉस्को सोडून गेला नाही, तेवढा न्याय त्याला द्यायला हवा, हे कारण. अनुवादकाने 'सगळे प्राणी आडवे झाले' असं उरकलं असेल तर बाकीचाही मजकूर तसाच उरकलेला असणार. दुसरी कसोटी आपल्या भाषेचीच आहे. इंग्रजीत नेपोलियन पहिल्यापासून शेवटपर्यंत 'ही'. मराठीत डुक्कर नपुंसकलिंगी: 'ते म्हणालं'. पुढे तो नेता होतो, तेव्हा आदरार्थी 'ते म्हणाले'. सर्वनाम तेच, क्रियापदाचं एक टोक बदलतं आणि सत्ता आल्याचं कळतं. ही संधी इंग्रजीला नाही, मराठीला आयती मिळाली आहे. ती कोणत्या प्रकरणात साधलीय, की पहिल्या पानापासून 'तो' घालून वाया घालवलीय, यावरून अनुवादकाचा कान कळतो. 'नाइन्टीन एटी-फोर'च्या अनुवादात परिशिष्टाचा भूतकाळ राखलाय का तेवढं बघा. 'न्यूस्पीक ही भाषा आहे' असं आढळलं तर अनुवादकाला मुद्दा लागलेला नाही.

'होमेज टु कॅटालोनिया'ची खरेदी सगळ्यांत नाजूक. ऑर्वेल १९३६ च्या डिसेंबरात यादवी युद्ध चालू असलेल्या स्पेनमध्ये गेला, पोउम या छोट्या डाव्या पक्षाच्या पलटणीत भरती झाला. २० मे १९३७ ला वेस्काजवळ गोळी गळ्यातून आरपार गेली. वाचला, तर त्याच्या पक्षालाच फॅसिस्टांचे हस्तक ठरवून धरपकड सुरू झालेली. जूनमध्ये बायकोसह सीमा ओलांडून निसटला. पुस्तक एप्रिल १९३८ ला आलं. १,५०० प्रती छापल्या होत्या आणि लेखक मरेपर्यंत त्या संपल्या नव्हत्या. मूळ पुस्तकात १४ प्रकरणं. त्यातली पाचवं आणि अकरावं ही राजकारणाची. पुढच्या आवृत्तीत ती उचलून मागे परिशिष्टात टाकावीत, असं ऑर्वेलने लिहून ठेवलं होतं. १९५५ च्या फ्रेंच आवृत्तीने ते ऐकलं, इंग्रजीला मुहूर्त लागला १९८६ मध्ये. म्हणून आज बाजारात दोन्ही आहेत: १४ प्रकरणांचं जुनं आणि १२ प्रकरणं अधिक २ परिशिष्टं असं नवं.

प्रकरणं मोजायचा कंटाळा असेल तर बार्सिलोनाच्या रस्त्यावरची चकमक काढा. ऑर्वेल पोलिओरामा चित्रपटगृहाच्या छपरावर पहारा देतोय, समोरच्या कॅफे मोकात दबा धरून बसलेत ते कोण? 'सिव्हिल गार्ड' असेल तर मजकूर जुना. 'असॉल्ट गार्ड' असेल तर सुधारलेला. ही चूक ऑर्वेलच्या स्वतःच्या लक्षात आली होती आणि ती सगळीकडे दुरुस्त करावी अशी टीप त्याने मागे ठेवली होती.

घ्या नवंच. पण वाचण्याच्या क्रमाबद्दल आमचं लेखकाशी थोडं वाजतं. ती दोन प्रकरणं मागे गेल्यामुळे पोउम, पीएसयूसी, सीएनटी ही पक्ष-संघटनांच्या आद्याक्षरांची जत्रा पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या डोक्यात बसत नाही, आणि मे महिन्यातली गोळीबाराची गंमत कोण कुणावर का झाडतंय हे न कळताच उरकते. चौथं प्रकरण झालं की पहिलं परिशिष्ट वाचा, नववं झालं की दुसरं. म्हणजे मूळचाच क्रम झाला.

बाकीच्या पुस्तकांना एवढा वेळ नको. 'बर्मीज डेज'मध्ये डॉक्टरचं नाव बघा. वीरस्वामी असेल तर ठीक. मुर्खस्वामी असेल तर ती १९३५ च्या गोलान्झ आवृत्तीची वंशावळ. ऑर्वेल १९२२ ते १९२७ बर्मात पोलीस अधिकारी होता, त्याची पात्रं खऱ्या माणसांवर बेतलेली निघतील आणि बदनामीचा दावा येईल या धास्तीने लंडनमध्ये नावं बदलली. त्यामुळे पुस्तक आधी १९३४ मध्ये न्यूयॉर्कला आलं. २५ प्रकरणं. 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' (१९३३, 'जॉर्ज ऑर्वेल' हे टोपणनाव इथून सुरू) ३८ प्रकरणांचं. यातल्या शिव्या छपाईच्या वेळी गाळल्या होत्या. 'कमिंग अप फॉर एअर'मध्ये अर्धविराम (;) शोधा, सापडला तर गडबड आहे. ते चिन्ह गरजेचं नाही असं ठरवून ऑर्वेलने ती कादंबरी मुद्दाम त्याच्याविना लिहिली. 'अ क्लर्जीमन्स डॉटर' आणि 'कीप द ॲस्पिडिस्ट्रा फ्लाइंग' या दोन कादंबऱ्या पुन्हा छापू नयेत असं त्याचंच म्हणणं होतं. पहिलीचं तिसरं प्रकरण, ट्रफाल्गर चौकातली नाटकाच्या रूपात लिहिलेली रात्र, तेवढं वाचण्यासारखं.

'द रोड टु विगन पिअर' घेताना छायाचित्रं आहेत का ते विचारा. १९३७ च्या लेफ्ट बुक क्लब आवृत्तीत ३२ चित्रं होती आणि ती ४० हजारांहून जास्त खपली. ऑर्वेलच्या तोवरच्या कुठल्याच पुस्तकाला असं भाग्य नव्हतं. स्वस्त प्रतींत चित्रं हमखास गायब. पुस्तकाचे दोन भाग, ७ आणि ६ प्रकरणांचे. पहिला खाणकामगारांवर. दुसऱ्यात मध्यमवर्गीय समाजवाद्यांची अशी हजेरी घेतलीय की प्रकाशक गोलान्झने घाबरून स्वतःची प्रस्तावना जोडली आणि नंतर नुसत्या पहिल्या भागाची स्वस्त आवृत्तीही काढली. तेरापेक्षा कमी प्रकरणं दिसली तर तुमच्या हातात अर्धंच पुस्तक आहे.

निबंधांत मात्र पैसे सोडायची तयारी ठेवा, कारण ऑर्वेल सगळ्यांत टिकाऊ आहे तो तिथे. पेंग्विनचा एकखंडी 'एसेज' बहुतेकांना पुरतो: 'शूटिंग अ‍ॅन एलिफंट', 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज', गांधींवरचा १९४९ चा लेख, सगळं आहे. त्या लेखाकडे भारतीय वाचकाने जरा सावकाश जावं. तो गांधींच्या आत्मकथेचं परीक्षण म्हणून लिहिलेला आहे, भक्ती नाही आणि हेटाळणीही नाही. सुरुवात कडक आहे, शेवटाला मात्र समकालीन राजकारण्यांशी तुलना करून तो गांधींना मोठं माप देतो.

अधिक हवं असेल तर एव्हरीमन्स लायब्ररीचा जॉन केरी यांनी निवडलेला २००२ चा जाड खंड. तेराशेहून जास्त पानं, कापडी बांधणी, शिवलेले फर्मे (पानांचे गठ्ठे), वाचनखुणेची फीत. डिंकाची बांधणी दोन पावसाळ्यांत मणक्यावर तडकते, शिवलेली तडकत नाही. एवढं जाड पुस्तक डिंकावर घेऊच नये. तोटा एकच, झोपून वाचता येत नाही, मनगट दुखतं. यात 'ट्रिब्यून' साप्ताहिकातलं 'अ‍ॅज आय प्लीज' हे सदरही येतं. एका आठवड्याला गुलाबाची रोपं, दुसऱ्याला वर्णद्वेष, तिसऱ्याला पुस्तकांच्या किमती, अशी ती मिसळ आहे. चहा कसा करावा यावरचा १९४६ चा अकरा नियमांचा लेखही ऑर्वेलचाच. पाव गॅलनच्या किटलीला, म्हणजे सव्वा लिटरच्या आत पाण्याला, सहा चमचे शिगोशीग पूड, चहा भारतीय किंवा सिलोनचा, आणि साखर अजिबात नाही. शेवटचा नियम आपल्याकडे कुणी मानणार नाही, पण रेशनच्या दिवसांत सहा चमचे सांगणाऱ्याची छाती मोठीच.

कुठलाही निबंधसंग्रह तपासायची एक जागा: 'सच, सच वेअर द जॉइज' हा शाळेच्या आठवणींचा लेख. शाळेचं नाव 'सेंट सिप्रियन्स' असेल तर मूळ मजकूर, 'क्रॉसगेट्स' असेल तर १९५२ च्या अमेरिकी छपाईचा. दाव्याच्या भीतीने तिथे नाव बदललं होतं, ब्रिटनमध्ये तर हा लेख १९६८ पर्यंत छापलाच गेला नाही. ऑर्वेलची दुसरी पत्नी सोनिया आणि इयन अँगस यांनी संपादलेला निबंध-पत्रांचा १९६८ चा चार खंडांचा संच जुन्या बाजारात, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, सुटा सुटा सापडतो. पेंग्विनच्या १९७० च्या त्या प्रतींचा कागद आता चहाच्या रंगाचा झालाय. चौथा खंड, १९४५ ते ५० चा, मिळाला तर सोडू नका.

माणूस समजून घ्यायला चरित्रांच्या ढिगाऐवजी आधी डेव्हिसन यांनीच संपादलेली 'डायरीज' आणि 'अ लाइफ इन लेटर्स' ही जोडी बघावी. डायऱ्यांत पाव भाग कोंबड्यांनी किती अंडी दिली याचा हिशेब आहे. कंटाळा येतो, पण त्यातच स्कॉटलंडच्या जुरा बेटावरचं घर, इंधनाची ओढाताण आणि खालावत चाललेली तब्येत दिसते. १९४८ मध्ये अमेरिकेहून मागवलेलं क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन त्याला दिलं. औषध नवं, मात्रा अंदाजाने. कातडी सोलली, तोंडात फोड आले, केस गळले, शेवटी थांबवावं लागलं. त्याच वर्षअखेर, टंकलेखक बेटावर यायला तयार होईना म्हणून, ताप अंगात असताना अंथरुणात बसून त्याने 'नाइन्टीन एटी-फोर' स्वतः टाइप केली.

या जोडीत एक उणीव मात्र जाणवते. १९४९ मध्ये ऑर्वेलने ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या प्रचार विभागाला ३८ नावांची यादी दिली, कम्युनिस्टांकडे झुकलेले म्हणून ज्यांच्यावर भरवसा ठेवू नये अशांची. ती अख्खी उघड झाली २००३ मध्ये. तिच्यामागची वही मोठी, १३५ नावांची. ही बाजू नीट तपासायची तर वीस खंडांचा संच हवा, म्हणजे 'कम्प्लीट वर्क्स'.

आता त्या संचाबद्दल. १ ते ९ खंड म्हणजे पुस्तकं, १० ते २० म्हणजे उरलेलं सगळं: पत्रं, लेख, परीक्षणं, डायऱ्या, प्रसारणं. हे अकरा खंड १९९८ मध्ये आले. डेव्हिसन, त्यांच्या पत्नी शीला आणि इयन अँगस, एवढ्या माणसांचं १७ वर्षांचं काम, एकूण साडेआठ हजार पानांच्या घरात. घरी घ्यायची वस्तू नाही ही, मोठ्या ग्रंथालयाची. मराठी वाचकाने त्यातले १३, १४ आणि १५ हे तीन खंड मागवावेत. १८ ऑगस्ट १९४१ ते २४ नोव्हेंबर १९४३ ऑर्वेल बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये होता, भारतासाठी कार्यक्रम करत. बिहारात मोतीहारीला १९०३ मध्ये जन्मलेला हा अफू खात्यातल्या कारकुनी साहेबाचा मुलगा युद्धाची साप्ताहिक बातमीपत्रं इंग्रजीत लिहायचा आणि ती गुजराती, बंगाली, तमिळ, हिंदुस्तानी आणि मराठीत अनुवाद होऊन प्रसारित व्हायची. त्याच खात्यात शिरोळच्या वेणू चितळे काम करत होत्या. पुढे १९५० मध्ये त्यांनी पुण्यातल्या कुटुंबावर 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. मराठी बातमीपत्रांच्या नोंदी या खंडांत तारखेवार येतात. नोंद आहे म्हणजे मजकूर असेलच असं मात्र समजू नका. ऑर्वेलच्या आवाजाचं ध्वनिमुद्रणही एकसुद्धा उरलेलं नाही. आपण स्वतःचा वेळ आणि जनतेचा पैसा वाया घालवतोय, असं लिहून त्याने ती नोकरी सोडली, आणि १५ व्या खंडाचं नावच 'टू वेस्टेड यिअर्स' आहे. सेन्सॉरने तपासलेल्या संहिता, बैठकांच्या नोंदी, खात्यातली कागदी चढाओढ हे सगळं वाचलं की 'नाइन्टीन एटी-फोर'मधल्या सत्य मंत्रालयाचे व्हरांडे कुठून आले ते वेगळं सांगावं लागत नाही.

ई-बुक घेताना 'संपूर्ण ऑर्वेल, शंभर रुपयांत' अशी फाइल दिसली तर आधी नमुन्याची पानं उतरवून अनुक्रमणिका मोजा: बर्मीज २५, डाउन ३८, विगन १३, क्लर्जीमन ५. निबंध बहुधा मोजकेच असतात. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म'च्या अमेरिकेत हक्क नसलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या आणि नंतर माफी मागितली. सगळ्यांवर पाळत ठेवणाऱ्या बिग ब्रदरच्याच पुस्तकाबाबत हे व्हावं! पैसे परत मिळाले, पण लोकांनी काढलेल्या टिपांसह पुस्तक परत देऊ असं ॲमेझॉन म्हणालं ते सप्टेंबरात. म्हणून टिपा काढत वाचणाऱ्याने कागदच घ्यावा.

पदपथावरची नकली प्रत ओळखायला पुस्तक उजेडाकडे धरा. मागच्या पानाचा मजकूर पुढे दिसतो, अक्षरांच्या कडा करड्या आणि फुटलेल्या असतात, कारण मूळ पानाचं छायाचित्र घेऊन छापलेलं असतं. मणक्यावरचं नाव मध्यभागी नसतं. शेवटचा फर्मा उलटा किंवा दोनदा लागलेला असू शकतो, म्हणून पानांचे आकडे शेवटच्या तीसेक पानांत सलग आहेत का ते अंगठ्याने भरभर सोडून बघा. गंमत अशी की नकली प्रत डेव्हिसन मजकुराची असेल तर पाचाचा आकडा तिच्यात बरोबर जागेवर असतो, तेव्हा नुसत्या त्या खुणेवर जाऊ नका.

वीस खंडांचा संच कुणी मोडीत काढत असेल आणि तुमच्यापर्यंत आला, तर भाव करण्याआधी २० वा खंड मागा. ३८ नावांमागची ती वही त्यात आहे, आणि अकराही खंडांची एकत्रित सूचीही. त्या सूचीशिवाय साडेआठ हजार पानांत एक पत्र शोधायला रविवार जातो. विसावा नसेल तर उरलेल्या संचाला अर्ध्या किमतीतही हात लावू नका.